एकशे त्रेचाळीस पुड्यांची मोटरसायकल

सगळं जग मोटरसायकलला हात लावल्यानंतर हात धुतं. आमच्या चाळीतले मयेकर कंपाउंडर आधी धूत. कार्बोलिक साबणानं, कोपरापर्यंत. मग ओले हात वर धरून, कशालाही न शिवता, ते जिन्याखाली येत. तिथं युद्धापूर्वीची एक विलायती मोटरसायकल भिंतीला टेकून गंजत पडली होती. तिच्यासमोर पाटावर बसून ते म्हणत, "बघू या, आज प्रकृती कशी आहे." काम झाल्यावर मात्र ते काळ्या हातांनीच जेवायला बसतात असं शेजारच्या खोलीतल्या बाईंचं म्हणणं होतं. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगत नाही.

आमची चाळ परळला. तीन मजले, साठ खोल्या, आणि मी चाळ कमिटीचा चिटणीस. मयेकर तळमजल्यावर चार नंबरच्या खोलीत एकटे राहत. मूळचे मालवणचे. लग्न केलेलं नव्हतं. जवळच्या एका दवाखान्यात सत्तावीस वर्षं कंपाउंडर. मिक्श्चरच्या बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची दातेरी पट्टी ते इतकी सारखी कापत, की मी एकदा फूटपट्टी लावून पाहिली होती. एका दात्याचाही फरक नव्हता. पण यंत्राच्या बाबतीत त्यांची पाटी संपूर्ण कोरी होती. त्यांना सायकल येत नव्हती. घड्याळाला चावी द्यायची झाली तरी ती लॉरेन्स देई. पान्हा हा शब्द त्यांना फक्त गाईच्या संदर्भात माहीत होता.

लॉरेन्स म्हणजे पाच नंबरच्या खोलीतला त्यांचा शेजारी. हा मालवणाकडचाच ख्रिस्ती, गिरणीच्या वर्कशॉपात टर्नर, मयेकरांहून दहाएक वर्षांनी लहान. मोटरसायकल त्याची. दर रविवारी सकाळी दोघे तिच्यावरून भजी खायला जात. लॉरेन्स चालवी, मयेकर मागे डोळे घट्ट मिटून बसत. १९५५ साली लॉरेन्सला आफ्रिकेत मोंबासाला नोकरी लागली. निघताना तो म्हणाला, "मयेकरा, गाडयेकडे बघ हां." मयेकर म्हणाले, "बघतंय." मी तेव्हा ट्रंकेचं दुसरं टोक धरून उभा होतो.

पुढची तीन वर्षं मयेकरांनी नुसतं बघितलं. म्हणजे दवाखान्यात जाण्यापूर्वी जिन्याखाली वाकून ते गाडीकडे बघत आणि मग जात. १९५८च्या अकरा मेला, रविवारी, त्यांनी ती उघडली.

उघडली म्हणजे पार उघडली. जो भाग निघेल तो पुसून ते कागदाच्या पुडीत बांधत, दवाखान्यात चूर्ण बांधतात तशी नीट घडी घालून. पुडीवर नंबर आणि सूचना. 'पुडी ३७. मागचे चाक, डावीकडे. जेवणानंतर.' मी विचारलं, "मयेकर, जेवणानंतर म्हणजे?"

"हा बोल्ट मी जेवणानंतर काढला. बसवायचा तो त्याच क्रमानं. औषधाची वेळ चुकवायची नसते, चिटणीस."

अशा एकशे त्रेचाळीस पुड्या झाल्या. दवाखान्यातल्या एका म्हातारीला चुकून वॉशरांची पुडी गेली आणि तिनं ती मधातून घेतली, अशी वदंता चाळीत बरेच दिवस होती. मी चौकशी केली. तसं काही झालेलं नव्हतं. उलट झालं होतं. एकसष्ट नंबरच्या पुडीत बोल्टाच्या जागी खायचा सोडा निघाला, आणि बोल्ट दोन दिवसांनी दवाखान्याच्या खणातून परत आला.

दुसऱ्या मजल्यावर कांबळे राहत. ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर, आणि चाळीत यंत्रातलं खरोखर कळणारा तो एकच माणूस. ते कठड्यावर कोपरं टेकून वरून बघत.

"मयेकर, येऊ काय खाली? दोन रविवारांत उभी करतो."

"नको. पेशंट माझा आहे."

"पेशंट कधीच गेला, मयेकर. तुमचं चाललंय ते पोस्टमॉर्टेम."

तरी काही गोष्टी मयेकरांनी अशा केल्या, की कांबळ्यांनाही मान हलवावी लागली. कार्बुरेटरच्या बारीक भोकात वर्षानुवर्षांचा मळ बसला होता. मयेकरांनी इंजेक्शनची सुई साफ करायची केसाएवढी तार घालून तो काढला. सगळं पितळ चिंचेनं घासून देव्हाऱ्यातल्यासारखं लखलखीत केलं. घाई मात्र कशातच नाही. "घाई केली की गुण येत नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एका रविवारी अकरा वेळा मोजलं आहे.

अडचण जागेची होती. जिन्याखालच्या जागेत कमिटीला खुर्च्या ठेवायच्या होत्या. दर सभेत विषय निघे, आणि दर सभेत मयेकर उठून म्हणत, "लॉरेन्सची गाडी आहे. त्याला चालू करून परत द्यायची आहे." अखेर मीच ठराव लिहिला: चालते ती गाडी, न चालते ती अडगळ. अडगळ भंगारवाल्याला द्यावी. आता मुदत किती द्यायची? यावर बराच वाद झाला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "संयुक्त महाराष्ट्र होईल त्या दिवसापर्यंत द्या!" सगळे हसले. ते साल अठ्ठावन्न होतं. तो दिवस कधी येणार हे दिल्लीलाही माहीत नव्हतं. पण हसता हसता हात वर झाले, बहुमत झालं, आणि बहुमत झालं म्हणून मी ते इतिवृत्तात लिहिलं.

त्यामुळे मयेकरांची स्थिती मोठी चमत्कारिक झाली. ते चळवळीतले पक्के माणूस. गोळीबाराच्या दिवसांत त्यांनी दवाखान्याच्या ओट्यावर बसून सबंध दिवस बँडेजं बांधली होती. एकही मोर्चा त्यांनी चुकवला नाही. पण ठरावानंतर ते मोर्चात माझ्या शेजारी चालत, तेव्हा "झालाच पाहिजे" जरा दबक्या आवाजात म्हणू लागले.

"आवाज बसला काय, मयेकर?"

"नाही. व्हायला तर पाहिजेच. पण घाई केली की..."

चाळीतल्या लोकांनी मात्र त्यांच्यासाठी वेगळी घोषणा केली. ते पाट घेऊन जिन्याखाली बसले, की तिन्ही मजल्यांवरून आवाज येई, "मयेकरांसह मोटरसायकल चालू झालीच पाहिजे!"

एकोणीसशे साठच्या जानेवारीपर्यंत राज्य होणार हे नक्की झालं होतं. संक्रांतीच्या सकाळी मयेकरांनी गाडी चौकात आणली. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एक्केचाळीस पुड्या परत गाडीत गेल्या होत्या. उरलेल्या दोन त्यांनी 'जास्तीचं औषध' म्हणून खिशात ठेवल्या होत्या. त्या आठवड्यात मुंबईत चांगलीच थंडी होती. सगळी चाळ शाली घेऊन कठड्याला उभी. मयेकरांनी किक मारली. म्हणजे पाय ठेवून जोर दिला. किक हलली नाही. क्लचची दांडी दाबली जाईना. चाक फिरेना. सगळी गाडी एका रात्रीत दगड झाली होती. मयेकरांनी खिशातून थर्मामीटर काढून इंजिनाला लावला, एक मिनिट थांबून बघितला आणि म्हणाले, "ताप नाही."

कांबळे खाली उतरले. साखळीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. त्यांनी वास घेतला.

"मयेकर, हिला तेल कुठलं घातलंय?"

"तेल."

"अहो, पण कुठलं?"

"गावचं. घाण्याचं. गाडीच्या पुस्तकात जिथं जिथं 'ऑइल' लिहिलंय तिथं तिथं घातलंय."

"खोबरेल?"

"मग दुसरं काय? आमच्यात तेल म्हणजे खोबरेल. बाकीच्या तेलांना आडनावं असतात."

कांबळे चौकातच खाली बसले. त्यांना हसण्याचा ठसका लागला होता. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून आमच्या घरातून आवाज आला, "अहो, माझी पण बाटली गोठलीय सकाळपासून. मी उन्हात ठेवलीय. त्या गाडीला पण ठेवा की!"

आम्ही चौघांनी गाडी उचलून उन्हात ठेवली. अकरा वाजून दहा मिनिटांनी किक लोण्यासारखी खाली गेली. गाडी अर्थातच सुरू झाली नाही. तिच्यातून पातळ झालेलं खोबरेल चौकभर वाहिलं, आणि त्यावर आलेल्या मुंग्या रंगपंचमीपर्यंत हटल्या नाहीत.

मयेकरांनी गाडी पुन्हा उघडली. पुन्हा पुड्या. एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला. कांबळ्यांनी यंत्राच्या तेलाचा डबा आणून त्यांच्या दारात ठेवला. मयेकरांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'पोटात देण्याचे.' तेव्हापासून कांबळ्यांना पाटाशेजारी बसायची परवानगी मिळाली. हात लावायची नव्हे.

एप्रिल गेला. पताका आल्या, चौकात झेंड्यासाठी खांब रोवला, आणि भंगारवाल्याला एक मेनंतर येऊन जा म्हणून मी निरोप धाडला. ठराव ठराव होता. मयेकर मला म्हणाले, "चिटणीस, दोन दिवस वाढवून मिळतील?"

"मयेकर, मी मुदत वाढवीन. पण राज्य थांबेल का?"

तीस एप्रिलला, शनिवारी, सकाळी सव्वासातला त्यांनी गाडी चौकात आणली. या वेळी चाळीनं घोषणा दिली नाही. मी किका मोजत होतो. सतरा झाल्या. मयेकर घामानं निथळत होते. कांबळे कठड्यावरून फक्त एवढंच म्हणाले, "आता हवा थोडी कमी द्या." मयेकरांनी दिली. अठराव्या किकेला गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. तिन्ही मजले थरथरले. कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेलं खोबरेल जळून चौकात वड्या करपल्यासारखा वास सुटला. माझ्या घड्याळानं ती चार मिनिटं चालली. लोक टाळ्या पिटत होते. मयेकर टाकीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी एकदा पाच नंबरच्या दाराकडे पाहिलं. तिथं आता दुसरं बिऱ्हाड होतं. मग त्यांनी गाडी बंद केली, हात धुतले नाहीत, आणि दवाखान्यात गेले.

मी वहीत 'अडगळ' खोडून 'गाडी' लिहिलं आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र झाला. सकाळी झेंडा झाला, पेढे झाले. दुपारी सगळी चाळ मिरवणूक बघायला गेली. मी खुर्च्या मोजत बसलो होतो. तेव्हा मयेकर आले. हातात एक जुनं पाकीट.

"चिटणीस, एक इंग्रजी पत्र लिहून द्याल? मला वाचता येतं. लिहिता येत नाही."

"लॉरेन्सला ना? देतो की. गाडी चालू झाली, येऊन घेऊन जा, एवढंच ना?"

पत्ता घेण्यासाठी त्यांनी पाकीट पुढे केलं. पत्ता आतल्या पत्रावर होता, म्हणून मला पत्र उघडावं लागलं, आणि उघडल्यावर ते वाचलं गेलं. लॉरेन्सनं लिहिलं होतं की त्याची नोकरी कायम झाली, त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न ठरवलं आहे, आणि तो आता परत येणार नाही. गाडी भंगारवाल्याला द्यावी. आणि त्याच्या आठवणीनं मयेकरांनी एकदा भजी खावीत.

पत्रावर वीस एप्रिल, १९५८ ही तारीख होती. बोटीचे पंधरा दिवस धरले तर ते मेच्या पहिल्या आठवड्यात पोचलं असणार. गाडी त्यांनी अकरा मेला उघडली होती.

"मयेकर, म्हणजे तो यायचा नाही हे तुम्हाला पहिल्यापासून..."

"तुम्ही लिहायला घ्या," मयेकर म्हणाले. "लिहा: दोन वर्षं खटपट केली. गाडी काही केल्या सुरू होत नाही."

मी टाक खाली ठेवला. "अहो, काल साठ खोल्यांनी ऐकली ती."

"साठ खोल्या मोंबासाला नाहीत. लिहा: इथं कुणालाच तिच्यातलं काही कळत नाही. कांबळे म्हणून एक फिटर आहेत, त्यांनीही हात टेकले. तुलाच यायला पाहिजे."

चिटणीस म्हणून मी नऊ वर्षं काम केलं. जे झालं नाही ते मी कधी लिहिलं नव्हतं. मी टाक उचलला आणि ते म्हणाले तसं लिहिलं. कांबळ्यांचं वाक्यसुद्धा घातलं. मयेकरांनी प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून पत्र वाचलं आणि सही केली.

"पोचायला किती दिवस लागतील?"

"बोटीनं गेलं तर बारा-पंधरा."

"आणि तिकडून माणसाला यायला?"

"तेवढेच."

त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. "म्हणजे पावसाच्या आत," ते म्हणाले.