अस्थिपंजर होल्गर

वाढदिवसाचं गाणं रचावं तर मीच, हे डेन्मार्कातल्या आमच्या अख्ख्या ओडन्स गावाला ठाऊक आहे. म्हणून होल्गरच्या साठीला मी नऊ कडवी रचली. त्यात थोडा स्वार्थही होता. गावाबाहेर बागेचा एक तुकडा आणि त्यावर लाकडी खोपट मिळावं म्हणून आम्ही अकरा वर्षं यादीत होतो, आता पहिल्या नंबरावर. आणि हे तुकडे वाटणाऱ्या बागसंघाचा अध्यक्ष होता होल्गर.

होल्गर म्हणजे झेंड्याच्या काठीला घातलेला सदरा. मी लिहिलं 'सडपातळ'. फारच मिळमिळीत वाटलं. 'किडकिडीत' केलं, मग 'हाडकुळा'. शेवटी 'अस्थिपंजर' सापडला आणि चाल कशी खणखणीत वाजू लागली!

"अहो, सडपातळच ठेवा," गुड्रुन म्हणाली. "अस्थिपंजर हा दुष्काळातला शब्द, मेजवानीतला नव्हे."

बायकोला काव्यातलं काय कळतं!

वाढदिवसाच्या दुपारी चाळीस पाहुण्यांच्या हातात गाण्याचे कागद पडले. सगळे उभे राहून एका सुरात गाऊ लागले:

होल्गर आमचा अस्थिपंजर, वाऱ्यासंगे डुलतो गं,
खुंटीवरचा कोट त्याहून अंगानं बाई फुलतो गं!

होल्गर हसून हसून रडला. तिसऱ्या कडव्याला मात्र लोकांच्या नजरा होल्गरवरून त्याच्या ताटावर गेल्या आणि ताटावरून बोडिलवर. बोडिल त्याची बायको. चार दिवस ती डुकराचं मांस भाजत होती, लाल कोबी शिजवत होती. चौथं कडवं आलं:

मुंग्या येती ताटापाशी, उपाशीच परतती गं!

बोडिलने हातातला डाव खाली ठेवला. मी कागद घडी करून बसू लागलो, तर शेजारच्या म्हाताऱ्याने बाही ओढून उभं केलं. आमच्याकडे माणूस अर्धवट सोडतील, गाणं नाही. अजून पाच कडवी होती. पाचही जेवणावरच.

गाणं संपल्यावर बोडिल माझ्या ताटात वाढायला आली. आवाज अगदी मऊ.

"आस्गरभाऊ, अस्थिपंजर कुणाला म्हणतात? ज्याला घरात कुणी जेवू घालत नाही, त्याला. हो ना?"

मी बटाटा गिळला, तो अजून उतरतोय.

घरी येताना गुड्रुनने सांगितलं, की अध्यक्ष होल्गर असला तरी यादी बोडिलच्या स्वयंपाकघरातल्या खणात असते.

महिन्याने पत्र आलं. आमचा नंबर बत्तिसावा. खाली होल्गरच्या अक्षरात दोन ओळी: "काय गाणं होतं, दोस्ता! मे महिन्यात बोडिलची साठी आहे. तिचंही तूच लिही."

बोडिल अंगाने चांगली भरलेली आहे. घरातल्या सगळ्या पेन्सिली सध्या गुड्रुनच्या कपाटात, कुलपात आहेत.