कराल वेताळाच्या पराभवाची हकीकत

श्री. चार खांब, तीन दोर आणि त्यांमध्ये मांडिलेली लटिकी लढाई, यांस साष्टांग नमन. शके अठराशे त्र्याण्णव, विरोधकृत् नाम संवत्सर, ते समयी सातासमुद्रापलीकडील मल्लराज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

पूर्वी या राज्यात खरी कुस्ती होत असे. दोन मल्ल एकमेकांस मिठी घालोन चार चार तास पडोन राहत, आणि प्रेक्षक निजत, आणि पंचही निजत. हे पाहोन राज्याचे धनी सरकारस्वारी यांनी बहुत विचार केला आणि मग फर्मान काढिले की, जय कोणाचा आणि पराजय कोणाचा हे आधीच ठरवावे, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. ऐसा न्यायी राजा पृथ्वीवर दुसरा जाहाला नाही. मग अर्धे मल्ल सज्जन नेमिले आणि अर्धे दुष्ट नेमिले, आणि सर्वांकडोन शपथ घेतली की, हे गुपित बायकापोरांसही सांगू नये. निम्म्या प्रजेस गुपित ठाऊक होते आणि ती न कळल्याचे सोंग करी. उरलेली निम्मी खरोखर रडत असे.

दुष्टांत अग्रगण्य एल्मरराव, दरबारी नाव कराल वेताळ. दाढीस काळा कलप, डोळ्यांत काजळ, आणि स्वभाव इतका गरीब की घरी कुंडीत टोमॅटो लावीत आणि मुंगी दिसता पाऊल उचलोन ठेवीत. बावीस वर्षे ते नेमाने हरले, आणि ऐसे सुरेख हरले की समोरच्याची कीर्ती चहूकडे होई. त्यांचे परम वैरी सुवर्णबाहू, मूळ नाव ऑर्विलराव, हेच त्यांचे परम मित्र. वैऱ्यांनी एका गाडीत बसू नये ऐसा दंडक. म्हणोन गावाची वेस आली की महापराक्रमी सुवर्णबाहू मागल्या बाकाखाली गोधडी पांघरोन पडत, आणि वेताळ गाडी हाकीत.

एल्मररावांची कन्या लॉटी, वय एकोणीस, आईवाचोन वाढलेली, ती रडणाऱ्या निम्म्यांतली. दोन वर्षांमागे वेताळाने सुवर्णबाहूंच्या पाठीत खुर्ची घातली ती तिने पाहिली, आणि घरी येऊन पुसती जाहाली, "बाबा, तो बिचारा पाठमोरा होता. का मारलंत त्याला?" खरे सांगावे तर शपथ मोडते आणि चूल विझते. एल्मरराव बोलिले, "मला तो आवडत नाही." तेव्हापासोन लेक ताट वाढी परंतु बोलेना. बावीस वर्षे हरण्याचे काही वाटले नाही. या अबोल्याने मात्र एल्मररावांचे काळीज तुटत असे.

मग त्यांच्याच गावी सामना नेमिला. सरकारस्वारी चिरूट ओढीत बोलिले, "एल्मर, सातव्या मिनिटाला पडायचं. मुलगी पहिल्या रांगेत बसलीय म्हणून शौर्य सुचलं, तर उद्या ही दाढी दुसऱ्याच्या हनुवटीला."

"सरकार, मी कधी जिंकलोय का?" एल्मरराव बोलिले.

मल्लांची एक रीत ऐसी की, पकडीत असता एकाने दुसऱ्याचे मनगट हळूच दाबावे, म्हणजे 'ठीक आहेस ना?', आणि दुसऱ्याने उलट दाबावे, म्हणजे 'ठीक आहे'. पाचव्या मिनिटास वेताळाने सुवर्णबाहूंस उचलिले, आणि कोणी भिरकावलेल्या सरबतावरून पाय घसरला, आणि सुवर्णबाहू खरोखरीच डोक्यावर आपटले. एल्मररावांनी मनगट दाबिले. उत्तर नाही. पुन्हा दाबिले. नाहीच. तरी शपथ आठवोन एल्मररावांनी भयंकर डरकाळी फोडिली, आणि मित्राच्या डोक्याखाली तळवा धरोन, त्यास उराशी घेऊन, आपण उताणे पडले.

पंच कुजबुजला, "अहो, अजून दोन मिनिटं आहेत!"

"मोज गाढवा, आणि वैद्याला बोलाव!"

पंचाने तीन मोजिले, म्हणजे उताणा पडलेला हरला. नगारे वाजले. राज्यात एकट्या विजयी वीरासच विजयाची खबर नव्हती. चौघांनी त्यांस झोळीत घातले, आणि दोराबाहेर नेता नेता त्यांनी डोळे उघडोन पुसिले, "गाव आलं का?" हे ऐकोन एल्मररावांचा जीव भांड्यात पडला.

मग वेताळ खाली मान घालोन निघाले, आणि प्रजेने शेंगांची टरफले मारिली. पहिल्या रांगेत लॉटी उभी. बापाने वैऱ्याचे मनगट दोनदा हळूच दाबिलेले तिने पाहिले होते, आणि तो तळवाही पाहिला होता; तापात तिच्या डोक्याखाली असे तोच. आता 'बाबा' म्हणावे तर सारे उघडे पडते. ती कठड्यावरून वाकली आणि बापाचे मनगट धरोन सर्वांहून मोठ्याने ओरडली, "मेल्या वेताळा, हात झडोत तुझे!" आणि ओरडता ओरडता मनगट हळूच दाबिले.

एल्मररावांनी उलट दाबिले, आणि त्यांस रडे आवरेना. लोक म्हणाले, हरला म्हणोन रडतो दुष्ट.

येणेप्रमाणे वेताळाचा पराभव जाहाला. दप्तरी नोंद सुवर्णबाहूंच्या नावे आहे आणि ती सरकारस्वारीच्या हुकुमाबरहुकूम आहे. एल्मरराव जन्मात एकदाच जिंकले, ते याच दिवशी, आणि ते कोणी आधी ठरविले नव्हते.