पुखराजकाकांनी निवडलेली लाइट

माझ्या नणंदेला बघायला धावड्याहून पाहुणे आले, तेव्हा पुखराजकाका नवऱ्यामुलाच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून चोळून पाहिली. सगळ्यांच्या देखत. मुलाच्या हातातली पोह्यांची बशी हलली. माझ्या सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. काकांनी बाही उजेडाकडं धरली, बाहीत मुलाचा हात होता, त्यामुळं तोही उजेडाकडं गेला. मग ते शांतपणे आत आले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "पोरगा बराबर आहे. शर्ट मात्र दुसऱ्याचा घालून आल्ता, खांद्यात बसून न्हाई राह्यला. पण ज्याला चांगलं दिसायची हौस आहे आन् मागून आणायची लाज न्हाई, तो बायकोला उपाशी न्हाई ठेवत. द्या."

दिली. नणंद आज धावड्यात मजेत आहे. नवरा अजूनही तिच्यासाठी शेजाऱ्यांकडून काय काय मागून आणतो.

कुंभार पिंपळगावात बाजाराच्या रस्त्याला काकांचं कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा कधीतरी राजस्थानातून इकडं आले. काकांना मारवाडी येते, पण ती पुण्यातल्या पोरांशी फोनवर बोलण्यापुरती. बाकी भांडायला, हसायला आणि घासाघीस करायला त्यांना आमचीच बोली लागते. जन्मभर कापड हाताळल्यामुळं त्यांची एक खोड झाली होती. चिमटीत धरून चोळल्याशिवाय त्यांना जगातली कुठलीच गोष्ट पटत नसे. वांगी, गव्हाचं पीठ, लग्नपत्रिकेचा कागद, विकायला आणलेल्या बैलाचा कान, सगळं चिमटीत. आणि कुणी घाई केली की ठरलेलं वाक्य: "बिलकुल जल्दी न्हाई."

गंमत अशी की त्यांची निवड सहसा चुकत नसे. म्हणून लोक बैल घेताना, फ्रिज घेताना, जावई करताना काकांना घेऊन जायचे. काका स्वतःहून मात्र कुठं म्हणून जायचे नाहीत. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी एकटेच.

मी ब्लाऊज शिवते. आमचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत, काकांच्या घराच्या बरोबर समोर. दुकानातून साडी घेतलेल्या बाईला काका ब्लाऊजपीस देऊन सरळ माझ्याकडं पाठवतात. आता ज्याच्यामुळं आपल्याला काम मिळतं, त्याच्यावर चिडायचं तर जरा बेतानं चिडावं. मला ते कधीच जमलं नाही. माझं तोंड सुटलं की सुटलं.

तर त्या वर्षांत लोडशेडिंगनं नुसता उच्छाद मांडला होता. ऐन दिवेलागणीला लाइट जायची, ती जेवणं उरकल्यावर यायची. सरकारी लाइटीत आवडनिवड असा प्रकारच नव्हता. येईल तेव्हा आपली, जाईल तेव्हा आपलं नशीब. पण मग गावात जनरेटरवाले आले. एका ट्यूबचा एक पॉइंट, महिन्याचे ठरावीक पैसे, हवा तर टीव्हीचा वेगळा. आणि ते आले दोन. म्हणजे कुणाची लाइट घ्यायची, हे आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा ठरवायचं होतं. सवय नव्हती. गल्ली अगदी गांगरून गेली.

एक होता गिरणीवाला सोपान. त्याचा जनरेटर नवाकोरा, गिरणीच्या मागं पक्क्या ओट्यावर बसवलेला. दुसरे मंडपवाले माजीदभाई. त्यांचा जनरेटर जुना, चाकांच्या गाड्यावर, सुरू होताना म्हाताऱ्यासारखा खाकरायचा. दोघांचंही म्हणणं एकच: वायर ओढायची तर अख्खी गल्ली पाहिजे, निम्म्या गल्लीसाठी परवडत नाही. मग दोघंही दारोदार फिरले. सोपान म्हणाला, सणाचं दळण फुकट. माजीदभाई म्हणाले, घरचं काही कार्य असलं तर खुर्च्या माझ्याकडून.

गल्लीनं बसून ठरवलं, काकांनी निवडावं. ते म्हणतील ती लाइट.

काकांनी काम मनावर घेतलं. दुकानातून एक जांभळी साडी, एक काळी आणि एक गर्द निळी अशा तीन साड्या काखेत मारून ते संध्याकाळी गिरणीवर गेले. मागं आम्ही सगळे. सोपानच्या ट्यूबखाली त्यांनी एकेक साडी पसरली. जांभळी जांभळी दिसली, काळी काळी, निळी निळी. काकांनी मान हलवली, वायरीचं रबर चिमटीत धरलं. सोपान ओरडला, "काका, चालू आहे ती." काका म्हणाले, "जल्दी न्हाई." आणि चोळून पाहिलंच.

मग माजीदभाईंकडं. तिथली ट्यूब आधी बराच वेळ डोळे मिचकावत राहिली. लागली तेव्हा जांभळी साडी चॉकलेटी झाली आणि काळीनिळीत काही फरकच राहिला नाही. आम्हाला वाटलं, झाला निकाल. पण काका पुन्हा गिरणीवर गेले. पुन्हा माजीदभाईंकडं. असे ते कितीतरी संध्याकाळी येरझाऱ्या घालत राहिले आणि गल्ली अंधारात बसून राहिली. मी कंदिलाच्या उजेडात हूक लावत होते आणि काकांच्या नावानं बोटं मोडत होते.

शेवटी एकदाचं त्यांनी सांगितलं. "माजीदभाई."

पलीकडच्या घरातल्या कुशावर्ताबाई म्हणाल्या, "अहो काका, तिथं जांभळी साडी चॉकलेटी दिसून राह्यल्ती."

"दिसू दे," काका म्हणाले. "सोपानची लाइट लई कडक आहे, नव्या कापडासारखी. पहिल्या धुण्यात आटती. माजीदभाईची लाइट धुतलेली आहे. आटणार न्हाई."

हे कुणालाच कळलं नाही. म्हणून कुणाला काही बोलताही आलं नाही. गल्लीत माजीदभाईंची वायर आली.

सुरुवातीला बरं चाललं. उजेड पिवळट होता, पण होता. मग लग्नसराई लागली आणि एका संध्याकाळी अंधारच. चौकशी केली तर माजीदभाईंचा जनरेटर ट्रॅक्टरला जोडून वाटूरच्या लग्नाला गेल्ता. मंडपवाल्याचा जनरेटर लग्नात जाणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, बघा. आणि लग्नसराई म्हणजे माझ्या ब्लाऊजांचा ढीग. जेव्हा कामातून श्वास घ्यायला फुरसत नाही, नेमका तेव्हाच उजेड नाही.

गल्ली काकांना जाब विचारायला त्यांच्या ओट्यावर गेली. सर्वांच्या पुढं मी. ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. काका म्हणाले, "या, बसा. चहा घ्या, मंग भांडा." चहा प्यायल्यावर भांडण जरा बोथट होतं. कुशावर्ताबाईंनी त्यांच्या सुनेची नक्कल करून दाखवली, सुनेनं लगेच त्यांची केली. आमचे हे घरात 'जेवायला वाढ' याच्यापुढं बोलत नाहीत, त्यांनी शाळेतल्या खोड्या सांगितल्या. माझ्या लग्नानंतर मी त्या पहिल्यांदा ऐकल्या. भांडायला गेलेली गल्ली जेवायच्या वेळेपर्यंत उठली नाही. आणि काका मधोमध बसून नुसते हसत होते.

पुढच्या लग्नाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. पण मी तशी बारीक नजरेची बाई आहे, सुईत दोरा ओवणारी. मला एक गोष्ट खटकली. जनरेटर लग्नाला गेल्याचं आम्हाला कळायच्या आधीच काकांची सतरंजी अंथरलेली असायची. चहाचं मोठं पातेलं चुलीवर चढलेलं असायचं. एकट्या माणसाला एवढा चहा कशाला लागतो?

एका नवरीची आई माझ्याकडं माप द्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, "बस्ता काकांकडंच बांधला. तारीख धरली तशी आधी त्यांच्याच दुकानात गेलो." माझी टेप हातातच राहिली. लग्नाचं सगळं कापड एकदम घ्यायचं तो बस्ता, आणि पंचक्रोशीतला झाडून प्रत्येक बस्ता काकांच्या दुकानात बांधला जातो. म्हणजे या हंगामातल्या प्रत्येक लग्नाची तारीख काकांना माहीत. मंडप कुणाचा, तेही माहीत. म्हणजे जनरेटर निवडतानाच त्यांना कळत होतं, आपल्या गल्लीत कोणकोणत्या संध्याकाळी अंधार होणार.

मी तशीच दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. काका कापडाचं ठाण गुंडाळत होते.

"काका, तुम्हाला तारखा माहीत होत्या."

त्यांनी हात थांबवले. "होत्या."

"मंग मुद्दाम केलं तुम्ही? आम्हाला अंधारात बसवलं?"

काका बराच वेळ कापडाची कड चोळत राहिले. मग म्हणाले, "सुमन, लाइट असली की तुम्ही सगळे दारं लावून टीव्ही पाहता. दिवसभर मी बोलतो, पण ते गिऱ्हाइकाशी. दुकान बंद केलं की सकाळपर्यंत माझ्या तोंडातून शब्द न्हाई निघत. घर खायला उठतं. लाइट गेली की तुम्ही ओट्यावर येता." ठाण बाजूला ठेवत ते म्हणाले, "तुझ्या ब्लाऊजांचं मात्र ध्यानात न्हाई आलं माझ्या. ते चुकलं."

मला रडू यायला लागलं. दुकानात उभं राहून रडणं मला आवडत नाही, म्हणून मी आणखी चिडून म्हणाले, "चहात साखर तरी कमी घालत जा," आणि निघून आले.

घरी आल्यावर यांना सांगितलं. यांनी कुणाला सांगितलं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी गल्ली गोळा केली. गळ्यापर्यंत बटणं लावून आले होते. म्हणाले, "माझी परख चुकली. सोपानची लाइट घ्या. पक्की आहे, मी बघितलेली आहे."

काकांच्या तोंडून 'चुकली' हा शब्द त्या दिवसापर्यंत कुणी ऐकला नव्हता. बैलापासून जावयापर्यंत ज्यांचा शब्द चालायचा, त्यांनी तो सगळ्यांसमोर मोडला, आणि कशासाठी, तर माझ्या हूक-काजांसाठी. मला मान वर करवेना. माजीदभाईंना तसं वाईट वाटलं नाही. लग्नसराईत गल्लीची बोलणी खायची नाहीत म्हणून ते सुटल्यासारखे झाले.

सोपानची लाइट आली. काय उजेड होता म्हणून सांगू. काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा. सरकारी लाइट गेली की लगेच गिरणीच्या मागं जनरेटर धडधडायला लागायचा आणि घराघरात टीव्ही लागायचे. दारं बंद. मी समाधानानं मशीन चालवायची.

एका संध्याकाळी सुईत दोरा भरताना सहज बाहेर नजर गेली. काका त्यांच्या ओट्यावर बसले होते, डोक्यावर पांढरीशुभ्र ट्यूब. हातात एक कप. गल्लीतून कुत्रंसुद्धा जात नव्हतं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि स्वतःच्याच धोतराची कड चोळत बसले.

मी उठले आणि ट्यूब बंद केली.

हे बातम्या बघत होते. "काय झालं गं?"

"लाइट गेली."

यांनी माझ्याकडं पाहिलं. जनरेटरचा आवाज त्यांनाही ऐकू येत होता. माणूस दिसतो तेवढा साधा नाही. त्यांनी मुकाट्यानं उठून टीव्ही बंद केला.

आमच्या घरात अंधार बघून कुशावर्ताबाई खिडकीत आल्या. मी त्यांना नुसती काकांच्या ओट्याकडं मान करून दाखवली. त्यांचं घर काळोखलं. मग त्यांच्या पलीकडचं. बघता बघता सगळी गल्ली अंधारात बाहेर आली, पोरंसोरं घेऊन.

काका गडबडून उभे राहिले. "काय झालं हो?"

"लाइट गेली, काका," कुशावर्ताबाई म्हणाल्या. गिरणीच्या मागं सोपानचा जनरेटर एकसारखा धडधडत होता.

काकांनी मान वर करून आपली ट्यूब पाहिली. मग आमच्या सगळ्यांकडं पाहिलं. ते हळूच आत गेले. बटणाचा आवाज आला आणि त्यांचा ओटाही अंधारात गेला.

"खरंच गेली की," ते आतून म्हणाले. आवाज जरा ओला होता. "बसा, बसा. सतरंजी आणून राह्यलो."