वैऱ्याचा रविवार

दर रविवारी दुपारी आमच्या गल्लीत एक माणूस आपल्या वैऱ्याला जेवायला घालतो. तेही दातओठ खात. वैऱ्याच्या दारात जातो, उंबऱ्यावर स्टीलचा डबा दणकन आपटतो आणि ओरडतो, "घ्या! जेवा! तोंड बघवत नाय मला तुमचं, पण आज्ञा हाय!"

हे आमचे सामुएलकाका, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला गाडी न्यायची आणि परत आणायची, यात त्यांची सगळी नोकरी सरली. मार्थाकाकू वारल्यापासून एकटेच राहतात. आज्ञा म्हणजे देवाची आज्ञा. वैऱ्यावर प्रेम करा, तो भुकेला असला तर त्याला वाढा, असं प्रभूनं सांगितलंय म्हणून हे वाढतात. चेहरा मात्र असा, की वाढताहेत की फेकून मारताहेत ते कळू नये.

मला या प्रकाराची चीड होती. मी महाडमध्ये पत्रकं काढते. सावित्री नदीतला गाळ काढा, वाड्यांवर पाणी द्या, प्रत्येक पत्रकाच्या शेवटी ठळक अक्षरांत 'सवाल विचारा!' आणि माझ्या समोरच्याच दारात हा माणूस एकही सवाल न विचारता हुकूम पाळतोय!

"काका, कोणीतरी सांगितलं म्हणून करायचं, ही गुलामी आहे," मी एकदा सुनावलंच.

"पत्रकबाई, तू एसटी चालवलीस काय गो कधी?"

"नाही."

"मग गप ऱ्हा. एक बेल, थांब. दोन बेल, चल. पायरीवर कोणाचा पाय हाय, ते मागं कंडक्टरला दिसतं. मला आरशात अर्धंच. बेल का मारलीस म्हणून वाद घालत बसलो असतो, तर एखादी म्हातारी गेली असती चाकाखाली."

"आणि कंडक्टर झोपला तर?"

"माझा झोपत नाय." बोट वर.

"वरच्यांना सगळं दिसतं, असं सांगूनच याच गावात आमच्या पणज्यांना तळ्याच्या पाण्यापासून लांब ठेवलं होतं, काका."

ते चक्क खूश झाले. "ते माणसांचे हुकूम. ते मोडायचेच! बरं केलं तुमच्या लोकांनी. मी त्याच्याही वरच्याचं बोलतोय."

अशा माणसाशी भांडायचं कसं? एकदा एका सरकारी भिंतीवर मी पत्रकं चिकटवली. हवालदार चौकशी करत गल्लीत आला. अख्खी गल्ली आंधळी, बहिरी आणि मुकी झाली. काका तेवढे पुढे आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही. खळसुद्धा हिनंच शिजवली, माझ्याच गॅसवर." मला ठाण्यात नेलं. अर्ध्या तासात काका हजर, बगलेत चहाचा थर्मास. संध्याकाळी मला सोडेपर्यंत माझ्या शेजारच्या बाकावर बसून राहिले.

"तुम्हीच पकडून दिलंत ना मला?" मी भडकले.

"खोटं बोलायचं नाय, ही आज्ञा हाय. कोंडलेल्याला भेटायला जायचं, ही पण आज्ञा हाय. बिस्कीट घे."

आता वैऱ्याविषयी. वैरी म्हणजे शरदराव, तहसील कचेरीतले रिटायर क्लार्क. तेही एकटेच, मुलगा पनवेलला. दोघांची बिऱ्हाडं एकाच चाळीत, भिंतीला भिंत लागून, आणि दोघांत मिळून एकच माळा. पुराचा भोंगा वाजला, की महाडचा माणूस आधी सामान वर चढवतो. काही वर्षांपूर्वी मोठा पूर आला, तेव्हा काका पोलादपूरला बहिणीकडे होते. शरदरावांनी माळ्यावर टीव्ही ठेवायला जागा केली. म्हणजे काय केलं? काकांची पेटी खाली उतरवून बाकावर ठेवली. पाणी बाकाच्या पार वर चढलं. पेटी मार्थाकाकूंची. उपासनेत त्या वाजवायच्या. काका परतले, तेव्हा टीव्ही सुखरूप होता आणि पेटीतून गाळ निघत होता.

शरदराव त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. काका मात्र चिक्कार बोलले. आणि पुढच्याच रविवारी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"हे ढोंग आहे," मी म्हटलं. "तुमच्या मनात प्रेम आहे का?"

"काडीचं नाय. पण वाटतंय काय, असं त्यानं विचारलंच नाय. कर म्हणालाय. वाटायचं तेव्हा वाटेल."

"आणि माफी?"

"ती पण द्यायचीच हाय. जड काम हाय ते. जेवणाचं आज जमतंय, ते आज करतो."

सुरुवातीला काका डबा आपटून निघून जायचे. मग डबा परत न्यायचा म्हणून उंबऱ्यावर थांबायला लागले. मग पाय दुखतात म्हणून आत बसायला लागले. हल्ली तर स्वतःचं ताटही घेऊन जातात. शिव्या चालूच.

मला हे सहन होईना. अन्याय झालाय, तर अन्याय करणाऱ्यानं माफी मागितलीच पाहिजे! मी शरदरावांच्या मागे हात धुऊन लागले. बाजारात गाठलं, वाचनालयात गाठलं, न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं. शेवटी ते म्हणाले, "बाई, येत्या रविवारी मागतो. दाढी तरी होऊ दे."

रविवार आला. डबा आपटला गेला. दोघं जेवायला बसले. मी न्यायाधीशासारखी दारात उभी. शरदरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ड्रायव्हरसाहेब, पेटी मी उतरवली. पाणी इतकं चढेल असं वाटलं नव्हतं... नाही, ते कारण नको. वहिनींची पेटी आहे, हे मला माहीत होतं. चुकलं माझं."

मी टाळी वाजवायच्या बेतात होते. पण काकांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"म्हणजे मिटलं?"

"तुम्ही म्हणाल तर."

"मी कोण म्हणणार? चुकलं म्हणणाऱ्याला माफ करायचं, आज्ञाच हाय." मग डब्याचं झाकण उगाचच पुसत म्हणाले, "केलं माफ. मग आता... पुढल्या रविवारी तुम्ही तुमचं बघाल जेवणाचं."

"अहो काका," मी मध्ये पडले, "शेजाऱ्यावरही प्रेम करायची आज्ञा आहे ना? या की शेजारी म्हणून!"

"शेजाऱ्याकडं कसं जाणार गो? विचारावं लागतं, येऊ काय म्हणून. तो नको म्हणाला तर? वैऱ्याचं बरं असतं. नको म्हणाला तरी घुसायचं."

मी आयुष्यात पहिल्यांदा सवाल विचारला नाही.

शरदरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"आता बोलतोच. तुमचा रस्सा खारट असतो. दर रविवारी. आणि भाकरी म्हणजे एसटीचा टायर."

"खारट?" काका ताडकन उठले. "मार्थाची रीत हाय ती!"

"वहिनींच्या हातची चांगली होत असेल. तुमची खारट."

"ऐकलंस गो पत्रकबाई? इतकी वर्षं गिळून वर खारट म्हणतो! सोडणार नाय याला! पुढल्या रविवारी बघतोच!"

"या ना. भितो की काय मी?"

काकांनी रागारागानं वैऱ्याच्या ताटात आणखी एक पळी रस्सा ओतला. शरदरावांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत भाकरीनं पुसून खाल्ला.

डब्याच्या तळाशी थोडा उरला होता. मी बोट बुडवून चाखला. मीठ अगदी बेताचं होतं.