पापडची दुपारची साखर

“सर, कुत्र्याला डायबेटिस होतो का?”

हा प्रश्न खरं तर उर्वीचा नव्हता, मागच्या बाकावरच्या पूजाचा आणि तिच्या कंपूचा होता. पेणच्या त्यांच्या शाळेत मधुमेहावर बोलायला एक डॉक्टर आले होते. भर सभागृहात उभी राहून हे विचारून दाखव, नाहीतर वर्षभर गप्प बस, अशी पैज लागली होती. वर्षभर गप्प बसणं उर्वीला परवडणारं नव्हतं. वक्तृत्वात दुसरा नंबर आल्यापासून तिला स्वतःच्या आवाजाचा असा काही शोध लागला होता, की घरी जेवताना मीठ मागायचं तरी ‘अध्यक्ष महोदय’ म्हणायचंच काय ते बाकी होतं. ती उठली, खणखणीत विचारलं आणि दीडशे पोरं एकदम फुटली.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. होतो की, म्हणाले. कुत्रा एकाएकी फार पाणी प्यायला लागला, सारखा लघवीला जायला लागला, पोटभर खाऊनही वाळत चालला, तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचं.

उर्वी खाली बसली ती गारच पडली. कारण घरी पापड गेले दोन महिने बादलीला तोंड लावून पाणी पीत होता.

पापड म्हणजे तिचा कुत्रा. नऊ वर्षांचा, तांबूस, आणि कान इतके पातळ की उन्हात धरले तर पलीकडची गल्ली दिसावी. पोहे-पापडांच्या पेणमध्ये जन्मलेल्या अशा कुत्र्याचं दुसरं नाव तरी काय ठेवणार?

आई, उर्वी आणि पापड अशी तिघांची वरात रोह्याला डॉ. किमयांकडे गेली. डॉ. किमया जनावरांच्या डॉक्टर, वयाने लहान, बोलायला सरळ. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, साखर आहे. सकाळ-संध्याकाळ सातला इन्सुलिनची सुई, पाच-पाच युनिट. पंधरा दिवस झाले की आठवडाभर घरीच साखर मोजायची, दिवसातून चार वेळा, आणि आकडे रोज फोनवर पाठवायचे. त्यावर डोस ठरणार.

तो आठवडा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस सराव करून उर्वी त्यात तरबेज झाली. कानाची कड चोळायची, बारीक टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, आणि पापडला कळायच्या आत त्याच्या तोंडात उकडलेल्या चिकनचा तुकडा. पापडला हा व्यवहार पसंत होता. उर्वीच्या हातात यंत्र दिसलं की तो आपण होऊन कान पुढे करायचा.

तिने फ्रिजवर तक्ता लावला आणि जाहीर केलं, की या घरातून एकही आकडा चुकीचा जाणार नाही. सकाळचे दोन आणि संध्याकाळचा एक तिच्याकडे. दुपारी एकला ती शाळेत आणि आई पोस्टात. राहिले बाबा. बाबा म्हणजे रघुनाथ सर, दुसऱ्या शाळेत गणित शिकवायचे, सकाळची शाळा आटोपून साडेबाराला घरी जेवायला यायचे. आकडा कधी खोटं बोलत नाही, असं ते गेली बावीस वर्षं पोरांना सांगत आले होते. दुपारची जबाबदारी त्यांनी अशी घेतली, जशी बोर्डाची प्रश्नपत्रिकाच काढायला मिळाली आहे.

सोमवारी संध्याकाळी उर्वीने तक्ता पाहिला. बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, दुपारी एक, दोनशे शहाऐंशी.

सकाळी दहाला तर एकशे नव्वद होती! तिने तसंच पाठवलं. डॉ. किमयांचं उत्तर आलं, की सकाळी सुई दिल्यावर दुपारी साखर सगळ्यात खाली उतरायला हवी. तुमचा कुत्रा नेमका तेव्हाच डोंगर चढतोय. कुणी काही खायला घालतंय का, बघा.

मंगळवारी दोनशे एकोणऐंशी.

उर्वी हवालदिल झाली. तिचं तोंड पाहून कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बायजाबाईने चौकशी केली. ती गागोद्याकडून रोज टोपली घेऊन यायची आणि प्रत्येक दुखण्यावर तिच्या टोपलीत काहीतरी असायचंच.

“कारलं दे गो त्याला,” ती म्हणाली. “आमच्या गावात साखरवाले समदे तेच खातात.”

अर्धा किलो कारली घरी आली. पापडने एक हुंगलं आणि उर्वीकडे असं पाहिलं, जसं तिने त्याचं नाव बदलून मांजर ठेवलंय. मग आईने त्याची भाजी केली. आणि चमत्कार झाला तो माणसांच्या ताटात! वीस वर्षं कारलं दिसलं की ताट फिरवणारे बाबा दोनदा भाजी मागून घेऊन जेवले. भात नको म्हणाले. आईला वाटलं, शाळेत हेडमास्तरांशी काहीतरी बिनसलं असणार.

बुधवारी दुपारी दोनशे एकतीस.

“बघितलंस?” उर्वी आईला म्हणाली. “त्याने खाल्लंसुद्धा नाही. नुसत्या वासाने अठ्ठेचाळीस उतरली.”

तिने एक कारलं पापडच्या अंथरुणाशी दोरीने टांगलं. बाबा ते बघत उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पाणी प्यायला आत निघून गेले. गुरुवारी दोनशे बावीस. पूजाच्या कंपूला उर्वीने मधल्या सुट्टीत कारल्याच्या वासावर दहा मिनिटांचं भाषण दिलं.

शुक्रवारी तीनशे अठरा.

आता हे खाऊ घालणं होतं, दुसरं काही असूच शकत नव्हतं. उर्वीचा संशय गेला तो शेजारच्या महिपतीकाकांच्या कारखान्यावर. गणपती तोंडावर आलेले, कारखान्यात वाळत घातलेल्या मूर्तींची दाटी, आणि पापड दुपारचा तिथेच गारव्याला पडलेला असायचा. कामगारांचा चहा दिवसातून चारदा, चहाबरोबर बिस्किटं. ती तडक आत गेली आणि काकांना सगळ्यांसमोर विचारलं, की माझ्या कुत्र्याला मारायचं ठरवलंय का तुम्ही.

काका एका मूर्तीच्या सोंडेवर पॉलिश पेपर मारत होते. ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर पांढरी भुकटी होती, त्यामुळे राग आला की नाही ते कळेना.

“तू सांगितलंस तवापासून त्याला बिस्किटाचा चुरासुद्धा दिला नाय,” ते शांतपणे म्हणाले. “माझी पोरं त्याच्याकडं पाठ करून चहा पितात. इचार त्यांना.”

पोरांनी माना डोलावल्या. उर्वीचा विश्वास बसला नाही. तिने पुठ्ठ्यावर ‘मला साखर आहे, कृपया काही देऊ नये’ असं लिहून तो पापडच्या गळ्यात अडकवला. त्याचा परिणाम उलटाच झाला. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस पाटी वाचायला थांबायला लागला आणि पापडला वाटलं, आपला सत्कार चाललाय.

संध्याकाळी डॉ. किमयांचा फोन आला. पाच युनिटचे सात करावे लागतील, म्हणाल्या, उद्या संध्याकाळपासून. पण त्याआधी उद्या दुपारी एकला त्याला माझ्याकडे घेऊन या. एकदा माझ्या डोळ्यांसमोर बघते.

हे ऐकून बाबांच्या हातातला घास ताटात पडला. डोस वाढवायची घाई नको, आधी सरासरी काढू, असं काहीतरी ते बोलले. मग म्हणाले, उद्या मीही येतो. आजवर ते एकदाही रोह्याला आले नव्हते, जनावरांच्या दवाखान्याचा वास सोसत नाही म्हणून. उर्वीला भरून आलं. बाबांचा पापडवर एवढा जीव आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

शनिवारी बाबांनी रजा टाकली, उर्वीने शाळा बुडवली. महिपतीकाकांचा टेम्पो बिनरंगाच्या मूर्ती घेऊन रोह्याला निघालाच होता. काल एवढं ऐकून घेऊनही काकांनी स्वतःहून बसायला सांगितलं. पुढे काका आणि बाबा, मागे ओळीने बांधलेल्या पांढऱ्याशुभ्र गणपतींमध्ये उर्वी आणि पाटी घातलेला पापड. नागोठण्याला टेम्पो थांबला, तेव्हा एका आजींनी मूर्तींना हात जोडले आणि ओघात पापडलाही. टेम्पो मात्र आणखी दोनदा थांबला, बाबांसाठी. पाण्याची बाटली त्यांनी वाटेतच संपवली होती आणि दोन्ही वेळा ते झुडपामागे गेले. घाबरलेत बिचारे, उर्वीच्या मनात आलं.

बरोबर एक वाजता डॉ. किमयांनी पापडच्या कानातून थेंब घेतला. दवाखान्याच्या यंत्रावर आकडा आला एकशे आठ. त्यांच्या भुवया वर गेल्या. उर्वीचं घरचं यंत्र मागून घेतलं, दुसरा थेंब लावला. एकशे चार.

“यंत्र ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “कुत्राही ठीक आहे. डोस अगदी बरोबर लागू पडलाय. आज संध्याकाळी सात युनिट टोचले असते, तर हा रात्रीपर्यंत कोसळला असता. कदाचित उठलाही नसता.”

उर्वीने पापडचा कान घट्ट धरला. ती सुई आज तिनेच भरली असती, तिनेच टोचली असती.

डॉ. किमयांनी आपल्या वहीत उतरवलेले आठवड्याचे आकडे पुन्हा वाचले. सकाळचे आणि संध्याकाळचे जागच्या जागी होते. मग त्यांनी विचारलं, “दुपारी रक्त कोण घेतं?”

“मी,” बाबा म्हणाले.

“आणि देतं कोण?”

बाबांनी भिंतीवरच्या गाई-म्हशींच्या तक्त्याकडे पाहिलं. “तेही मीच,” ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. सोमवारी बाबांच्या हातात यंत्र दिसताच पापड दिवाणाखाली शिरला होता. बाबा जमिनीवर पालथे पडून त्याला समजावत होते, की काही होत नाही रे, बघ, मी टोचून दाखवतो. आणि त्यांनी स्वतःच्या बोटाला टोचलं. पापड बाहेर आला नाही, पण थेंब आला. पट्टी यंत्रात आधीच सरकवलेली, मग ती वाया कशाला घालवायची? आपल्याला तर काही आजार नाही, आकडा छानच येणार, मुलीला तेवढाच धीर, असा त्यांनी हिशेब केला. आला दोनशे शहाऐंशी. तो त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला. पुढचे चार दिवस तेच. आकडा उतरवायला कारलं खाल्लं, भात सोडला. शुक्रवारी कुलकर्णी सरांचा मुलगा नोकरीला लागला, आणि स्टाफरूममध्ये पेढ्यांचं खोकं समोर आलं.

“पण बाबा,” उर्वीने विचारलं, “एवढा आकडा बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं ना. वाटलं, यंत्र कुत्र्यांचं आहे. माणसाला जास्त दाखवणारच.”

“बाबा, ते माणसांचंच आहे. मी आणि आईने बाजारपेठेतल्या मेडिकलमधून आणलंय.”

दवाखान्यात एक शेळी होती, तीसुद्धा ओरडायची थांबली.

“आकडे खरेच होते,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “फक्त कुत्रा वेगळा होता.”

डॉ. किमयांनी पेन खाली ठेवलं. मी चार पायांचीच डॉक्टर आहे, म्हणाल्या, तुम्हाला औषध देऊ शकत नाही. पण जेवणानंतरचे हे आकडे घेऊन लवकरात लवकर माणसांच्या डॉक्टरकडे जा. त्या हसल्या नाहीत, आणि त्यानेच उर्वी जास्त घाबरली. ओरडण्यासाठी तिने मनात चांगली चार मुद्द्यांची तयारी केली होती. तेवढ्यात तिला बाबांच्या बोटांवरचे लाल ठिपके दिसले, आणि त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला नव्याने पाडलेलं आतलं भोक. भाषण तिथेच विरलं.

परत निघताना तिने महिपतीकाकांची माफी मागितली आणि सगळं सांगितलं. काका स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसले. “म्हंजे पापड नाय, आमचे सर चरत व्हते,” म्हणाले. मग बाबांच्या गुडघ्यावर थोपटून त्यांनी टेम्पो सुरू केला.

आई पोस्टातून येऊन वाट बघत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले आणि आवाज चढला. “माझ्या हातचं कारलं वीस वर्षांत खाल्लं नाहीत, आणि कुत्र्याचा आकडा उतरवायला खाल्लंत?”

बाबा म्हणाले, आता गणपती होऊन जाऊ देत, मग दाखवतो. तोपर्यंत सकाळी जरा चालतो, पेढे बंद करतो, उतरेल आपोआप. आई म्हणाली, आपोआप काही उतरत नाही. बाबा म्हणाले, शाळेत चाचणी परीक्षा आहे, आणखी रजा मिळणार नाही. उर्वीने दोघांना दोन-दोन वाक्यं बोलू दिली. मग ती फ्रिजसमोर उभी राहिली, पापडच्या तक्त्याखाली पट्टीने एक नवी रेघ ओढली, तिच्यापुढे ‘बाबा’ लिहिलं आणि वळली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. सोमवारी मी शाळेत जाणार नाही आणि बाबाही जाणार नाहीत. आठ वाजता, उपाशीपोटी, आपण तिघं दवाखान्यात. रक्त बाबा देतील, पण डॉक्टरांना आकडे मी सांगणार. आणि बाबा, आपल्या पायांनी आलात तर उत्तम. नाहीतर पापडचा पट्टा खुंटीला आहेच.”