स्टाडहाइम बाई उठल्या तेव्हा

सुज्ञ वाचकहो, स्प्रूस फोर्क्स गावच्या शाळेतील पदार्थविज्ञानाचा वर्ग बुडता बुडता कसा वाचला, याचा साद्यंत वृत्तांत पुढील मजकुरात यथाशक्ती कथन करण्यात येत आहे. त्यात कोणाच्या वजनाचा उल्लेख आल्यास तो केवळ शास्त्रीय कारणास्तव आहे, हे आरंभीच नमूद करणे इष्ट होय.

सदर वर्गात विद्यार्थी सहा आणि शिक्षक एक. ते म्हणजे आइनो राउटिला सर. जिल्ह्याच्या परीक्षेत वर्ग उत्तीर्ण न झाल्यास तो बंद करून मुलांना बसने गिब्सनच्या शाळेत धाडावे, असे शाळामंडळाने भर हिवाळ्यात ठरविले. गिब्सनचा संघ आमच्या गावास हॉकीत दरवर्षी धूळ चारतो, तेव्हा हा प्रश्न केवळ शिक्षणाचा उरला नाही. "वर्ग बंद होत नाही," एवढेच बोलून सर मंडळाच्या बैठकीतून बाहेर पडले, आणि पायरीवरच्या बर्फावरून घसरून त्यांनी उजवे मनगट मोडून घेतले.

बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून सर दुसऱ्याच दिवशी वर्गात हजर झाले. धडा टॉर्कचा होता, म्हणजे वस्तूस फिरवू पाहणाऱ्या जोराचा. त्यातील तोलाचा भाग सुरळीत पार पडला. सी-सॉच्या फळीवर जाड माणूस मध्याजवळ आणि हडकुळा टोकाला बसविला की दोघे समान तोलतात, हे मुलांना तत्काळ पटले. घोटाळा झाला तो दिशेपाशी. नियम असा की, उजव्या हाताची बोटे फिरण्याच्या दिशेने वळवावीत. अंगठा दाखवील ती टॉर्कची दिशा. सरांची उजवी बोटे प्लास्टरात असल्याने त्यांनी डावा हात उंचावला आणि हाच हात उजवा समजावा, अशी मुलांना विनंती केली. मुले आठवडाभर तसे समजत राहिली. सराव परीक्षेत सर्वांची गणिते अचूक आली आणि सर्वांच्या दिशा उलट आल्या, कारण डावा अंगठा नेमकी विरुद्ध बाजू दाखवितो.

सरांनी चूक पदरात घेऊन, यापुढे खराखुरा उजवा हात वापरावा असे बजावले. परंतु मार्लिस कोस्की नावाच्या धीट मुलीने अडचण मांडली. "सर, उजव्या हातात पेन्सिल असते. ती खाली ठेवायचं कुणाला सुचतंय? डावा रिकामा असतो, तोच वर जातो."

"मग त्याला रिकामा सोडू नका," सर म्हणाले. "त्याच्यावर बसा."

परीक्षेच्या दिवशी सहाही मुले डावा हात मांडीखाली दाबून भोजनगृहातल्या लांब टेबलाशी बसली. कोणाचा हात निसटू नये, सर्वांवर नजर राहावी, म्हणून सरांनी सर्वांस एकाच बाजूस ओळीने बसविले होते. या टेबलास दोन्ही अंगांना बाक जोडलेले आहेत. समोरच्या बाकावर जिल्ह्याच्या परीक्षक व्हर्ना स्टाडहाइम बाई विराजमान झाल्या. बाईंचा बांधा भरभक्कम. पेपर सुरू झाल्यावर जो जागा सोडील त्याचा पेपर रद्द, असे त्यांनी जाहीर केले.

तेवढ्यात टेबल करकरले आणि सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलांच्या भाराने टेबल उलटावयास हवे होते. ते उभे होते केवळ बाईंच्या बळावर. मुलांना हलविता येत नव्हते आणि बाईंस खरे कारण सांगण्याची सोय नव्हती. बाईंना उठू द्यावयाचे नाही, असा सरांनी निश्चय केला. पेन्सिलीस टोक करून देणे, खिडकी लावणे, डोनट आणणे, सर्व कामे ते धावून करू लागले. कॉफीचा कप तर त्यांनी रिता होऊ दिला नाही. त्या कॉफीचा व्हावयाचा तो परिणाम झाला.

"आलेच मी," म्हणून बाई उठल्या.

सर झेपावून त्यांच्या जागी बसले. अंगाने ते काठीसारखे. टेबल मुलांकडे कलू लागले. हडकुळ्याने टोकाला बसावे हा आपलाच धडा आठवून सर बाकाच्या कडेला सरकले, पाय टेबलाखाली अडकवून मागे पार आडवे झाले आणि प्लास्टरचा हात त्यांनी डोक्यामागे ताणून धरला. टेबल स्थिरावले. बाई परतल्या तो हा देखावा.

"राउटिला, मुलांना खुणा करताय?"

"नाही बाई. तोल धरलाय."

"उठा बघू आधी."

"उठतो. पण आधी तुम्ही बसा, मग मी उठतो."

बाईंनी कारण विचारले. मार्लिस मान वर न करता म्हणाली, "बाई, तुम्ही बसलात की टेबल हलत नाही."

बाईंचा चेहरा बीटासारखा झाला. "म्हणजे इतका वेळ मी इथे वजन म्हणून बसले होते?"

"केवळ शास्त्रीय अर्थानं, बाई," सर आडव्यानेच म्हणाले.

"उठा."

परीक्षकांची आज्ञा मोडता येत नसते. सर उठले. रिकामा बाक वर गेला, भरलेला खाली आला आणि सहाही मुले हारीने मागे उताणी पडली. इजा कोणास झाली नाही. पेन्सिली मात्र घरंगळत कपाटाखाली गेल्या.

बाई मुलांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. लेखी उत्तरांवर आता आपला भरवसा नाही, वर्गाचा निकाल एकाच प्रश्नावर लागेल, असे त्यांनी सांगितले. "आत्ता हे टेबल उलटलं. टॉर्क कुठल्या दिशेला होता?"

सरांनी डोळे मिटून घेतले. मुलांचे डावे हात इतका वेळ दबून मेल्यासारखे झाले होते, आणि उजव्या हातांत पेन्सिली नव्हत्या. जमिनीवरूनच सहा उजवे हात वर झाले, बोटे वळली आणि सहाही अंगठे मुलांच्या उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दिशेने रोखले गेले. बाईंनी आपला हात पाठीमागे नेऊन हळूच बोटे वळवून पाहिली.

"पास," त्या म्हणाल्या.

कोट चढविता चढविता त्यांनी सरांस बाजूला घेतले. "राउटिला, माझं वजन विचारायची माझ्या नवऱ्याचीही छाती होत नाही."

"मी विचारलं नाही, बाई. टेबलाच्या तोलावरून गणितानं निघतं ते."

"असं? मग किती निघालं?"

मोडक्या मनगटापुढे आणि शाळामंडळापुढे तसूभर न हटलेले राउटिला सर दोन पावले मागे सरले. "त्या गणितात अजून बऱ्याच पायऱ्या बाकी आहेत, बाई," ते म्हणाले.

येणेप्रमाणे वृत्तांत पुरा झाला. तो शेवटपर्यंत वाचण्याचे श्रम घेतल्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
वॉल्टर निएमेला, स्प्रूस फोर्क्स