ती काही करत नाही

क्लाइव्ह ऑर्मरॉडच्या घरातला सोफा तिघांचा होता, पण गेली दोन वर्षं त्यावर पेटल एकटी झोपायची. क्लाइव्ह चहा खिडकीशी उभा राहून प्यायचा. पाठीला ते बरं असतं, असं तो सगळ्यांना सांगे.

पेटल म्हणजे पाकळी. नाव ठेवलं तेव्हा ती तळहातावर मावत होती. आता ती छप्पन्न किलोची, करडी, इटालियन मास्टिफ जातीची कुत्री होती, आणि क्लाइव्ह अंगावर ओला कोट असला तरच बासष्ट किलो भरायचा. ती मुळात त्याच्या जोडी नावाच्या मुलीची. जोडीनं फोटो बघून पिल्लू घेतलं, वर्षभरानं तिला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली आणि 'तीन महिनेच हं बाबा' असं म्हणून ती जी गेली ती गेलीच. बापाला नाही म्हणता येत नाही, हे लेकीला जन्मापासून ठाऊक होतं. आता ते पेटललाही ठाऊक झालं होतं.

रोज सकाळी पेटल क्लाइव्हला फिरायला न्यायची. वाटेत जो भेटेल त्याला क्लाइव्ह लांबूनच सांगे, "घाबरू नका, ती काही करत नाही." पेटलनं पोस्टमनची पिशवी ओढून फाडली तेव्हाही त्यानं हेच सांगितलं. नऊ नंबरातल्या नॉरिसच्या स्पॅनियलला तिनं मानेला धरून फडकं झटकावं तसं झटकलं, तेव्हा मात्र त्यानं थोडा बदल केला. म्हणाला, "खेळतेय ती." नॉरिसनं आपलं कुत्रं उचललं, त्याच्या मानेवरचं रक्त रुमालानं टिपलं आणि तो म्हणाला, "माफ करा हं." आमच्या गावाचं हे असं आहे. ज्याच्या पायावर पाय पडतो तोच आधी माफी मागतो. मग पाय देणाऱ्याला कळायचं तरी कधी?

जोडीनं जाताना एक मुसकं ठेवलं होतं. चांगलं जाळीचं, मापाचं. क्लाइव्हनं ते एकदाच घातलं. त्या दिवशी समोरून येणाऱ्या एका बाईनं बाबागाडी वळवून थेट रस्ता ओलांडला. पुढच्या आठवड्यात मुसकं नव्हतं, तर त्याच बाईनं थांबून पेटलचे कान खाजवले. क्लाइव्हनं यातून जो काही बोध घ्यायचा तो घेतला आणि मुसकं रेनकोटाखालच्या खिळ्याला टांगून टाकलं. उघड्या जबड्याचे लाड करायचे आणि बांधलेल्याला भ्यायचं, अशी माणसं. पण त्यांना काय नावं ठेवायची? जबडा आपल्या कुत्रीचा आहे, हे क्लाइव्हला माहीत होतं.

शेजारी, चौदा नंबरात, एनिडबाई बार्टल राहायच्या. वय एक्याऐंशी, लग्न केलं नाही, चाळीस वर्षं गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवलं. क्लाइव्ह सात वर्षांचा असताना त्यांच्या वर्गात होता. आता अठ्ठावन्नाचा झाला, टक्कल पडलं, शाळेच्याच बसवर ड्रायव्हर म्हणून राबून निवृत्त झाला, तरी बाई समोर आल्या की त्याचे हात खिशातून आपोआप बाहेर यायचे.

बाईंच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. होता तो गिल्बर्ट, एक कासव. साठ वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावानं, रॉनीनं, आठवडी बाजारातून आणलेलं. रॉनी तेव्हा नऊ वर्षांचा होता. कासव हरवलं तर लोकांनी घरी आणून द्यावं म्हणून त्यानं त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं घराचा नंबर घातला होता, १४. चार जरा वाकडा आला होता. पुढे एकोणिसाव्या वर्षी रॉनी मोटारसायकलवरून गेला तो परत आलाच नाही. त्याच्या हातचं जगात आता एवढंच अक्षर उरलं होतं, आणि ते परसातल्या गवतातून हळूहळू फिरत असे.

दोन परसांच्या मधल्या कुंपणाची एक फळी सैल होती. क्लाइव्ह ती ठोकणार होता. ऑगस्टपासून ठोकणार होता.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या उबदार दुपारी क्लाइव्ह खिडकीशी चहा घेऊन उभा होता. परसातून खडखड असा आवाज आला, कुणी दगडी पाटी दातांखाली धरावी तसा. पाठोपाठ पेटल घरात आली आणि सोफ्यावर आडवी झाली. तिच्या तोंडातून काहीतरी पडलं. क्लाइव्हनं ते उचललं. अंगठ्याची दोन नखं जोडावीत एवढी कवचाची कपची होती, खालून ओली. वर पांढऱ्या रंगात वाकडा चार.

तेवढ्यात शेजारून बाईंचा आवाज आला. त्या ओरडत नव्हत्या. नुसतं "गिल्बर्ट, गिल्बर्ट" म्हणत होत्या, हजेरी घेतल्यासारखं.

क्लाइव्ह गेला तेव्हा गल्लीतली चार माणसं आधीच जमली होती. गिल्बर्ट उताणा पडला होता आणि बाई गुडघ्यावर बसून त्याला सुलटा करायला धडपडत होत्या. नॉरिस म्हणाला, "कोल्हा. नक्की कोल्हाच. रेल्वेच्या बांधावर झालेत फार." सगळ्यांनी क्लाइव्हकडे पाहिलं, कारण तो शेवटी आला होता आणि त्याचं मत राहिलं होतं. कपची त्याच्या मुठीत होती. त्यानं मान डोलावली.

बस्स, एवढंच. खोटं असं तो एक अक्षर बोलला नाही. पण ती मान पुढे कुठवर गेली बघा.

जनावरांच्या डॉक्टरनं गिल्बर्टच्या पाठीतला खड्डा धुतला, औषध भरलं, वर राळेचं ठिगळ चढवलं. कासवं हिवाळाभर झोपतात, पण यंदा त्याला ती झोप घेऊ द्यायची नाही, खोक्यात दिव्याखाली ठेवायचं आणि खातो का ते बघायचं, असं सांगितलं. गिल्बर्ट खाईना. कोल्ह्याला मात्र खायला भरपूर मिळू लागलं. नॉरिसनं पिंजरा आणून त्यात कोंबडीचे पाय लावले. पहिल्या दिवशी त्यात सहा नंबरातलं मांजर सापडलं, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून ते स्वतःच जाऊन बसू लागलं. कोपऱ्यावरच्या बाईनं खांबाखांबांवर कागद चिकटवले, 'लहान प्राण्यांना सांभाळा, कोल्हा मोकाट आहे'. गल्लीची सभा भरली. सभेत क्लाइव्हला कोल्हा-पथकाचा प्रमुख नेमलं, कारण त्याच्याकडे वेळ होता आणि मोठं कुत्रं होतं. तो नाही म्हणू शकला नाही. रोज सकाळी तो पेटलला घेऊन बांधावर कोल्ह्याच्या बिळांची पाहणी करायचा आणि येऊन सांगायचा, की अजून माग लागत नाही.

कुंपणाची फळी त्यानं पहिल्याच दिवशी ठोकली. सहा खिळ्यांच्या जागी चौदा मारले. कपची त्याच्या पँटच्या खिशात असायची. टाकून द्यायला त्याचा हात होईना आणि घरात ठेवायचं म्हटलं तर कुठे ठेवणार. बसलं की ती मांडीला टोचायची. नाहीतरी बसायला सोफा कुठे होता?

दोन आठवड्यांनी बाईंनी त्याला चहाला बोलावलं. स्वयंपाकघरात दिव्याखाली खोक्यात गिल्बर्ट होता. ठिगळाच्या डाव्या अंगाला नुसता १ उरला होता.

"आता हा हरवला तर लोक त्याला एक नंबरात नेऊन देतील," बाई म्हणाल्या. "आणि तिथे तर हल्ली कोणीच राहत नाही."

कवच भरून यायला किती दिवस लागतील, एवढंच क्लाइव्हनं विचारलं.

"दोन वर्षं, म्हणतो डॉक्टर. मी म्हटलं, बघू या दोघांपैकी कोण थांबतं ते." बाईंनी त्याच्यापुढे बशी सरकवली. "तुझ्याकडे एक काम होतं, क्लाइव्ह. मला दर गुरुवारी इस्पितळात जावं लागणार आहे, डोळ्यांसाठी. घरात कोणी नसतं. त्या कोल्ह्याची फार भीती वाटते रे. मागचं दार नीट लागत नाही. तर गुरुवारी तुझी पेटल इथे बसली तर? या खोक्याशेजारी. ती असली की कोल्हा फिरकायचा नाही."

क्लाइव्हनं कप खाली ठेवला. त्यानं म्हणून पाहिलं, की पेटलला परक्या घरी करमत नाही. बाई म्हणाल्या, सवय होईल. तो म्हणाला, ती सोफ्यावर चढते. बाई म्हणाल्या, चढू दे. तो म्हणाला, तिला लाळ फार गळते. बाई म्हणाल्या, पुसू. मग त्या म्हणाल्या, "आणि काळजी कसली? तूच म्हणतोस ना, ती काही करत नाही."

दोन वर्षांत हे वाक्य त्यानं शेकडो वेळा म्हटलं असेल. दुसऱ्याच्या तोंडून ते आज पहिल्यांदा ऐकलं. खोक्यात गिल्बर्टनं मान थोडी बाहेर काढली होती, सुरकुतलेली, बारीक. क्लाइव्हला रडू आलं. त्यानं खिशात हात घातला आणि कपची बाईंच्या बशीशेजारी ठेवली.

"कोल्हा नव्हता, बाई," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कपची उचलून वाकड्या चारवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "कुठे होती ही?"

"खिशात."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, बाई."

त्या उठल्या, फडताळातला डबा काढला. त्यात रॉनीची जुनी पोस्टकार्डं होती. कपची त्यांत ठेवून त्यांनी झाकण लावलं. रागावल्या असत्या तर क्लाइव्हला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. पेटलला खोक्याशेजारी बसवायचं बाईंनी मुद्दाम काढलं होतं की खरंच कोल्ह्याच्या भीतीनं, हे क्लाइव्हला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायची त्याची छाती नाही.

"तिचं ते तोंडाला लावायचं आहे ना तुझ्याकडे?" बाई म्हणाल्या.

"आहे. खिळ्याला आहे."

"उद्यापासून तिच्या तोंडाला असू दे. आणि रस्त्यात जो भेटेल त्याला मोठ्यानं सांगायचं, माझी कुत्री चावते. पुटपुटायचं नाही. संध्याकाळी मला येऊन सांगायचं, आज किती जणांना सांगितलंस ते."

"किती दिवस, बाई?"

"तुझ्याकडे ती आहे तितके दिवस."

दुसऱ्या दिवशी क्लाइव्हनं पेटलला मुसकं घातलं. तिनं ते फरशीवर, सोफ्यावर, क्लाइव्हच्या गुडघ्यावर घासून पाहिलं आणि मग शेवटी ती निमूटपणे उभी राहिली, केविलवाणी. पहिला भेटला नॉरिस. "माझी कुत्री चावते," क्लाइव्ह म्हणाला. नॉरिस सवयीनं "माफ करा" म्हणून गेला आणि मग थांबला. त्यानं स्पॅनियलच्या मानेकडे पाहिलं. तिथे केस अजून आले नव्हते. तो एवढंच म्हणाला, की पिंजरा आता काढून टाकतो, मांजर फार लठ्ठ झालंय.

दोन दिवसांत गल्लीला सगळं कळलं. खांबांवरचे कागद उतरले. कोणी भांडलं नाही. आमच्याकडे भांडत नाहीत, पलीकडच्या फुटपाथवर जातात. बाबागाडीवाली बाई पुन्हा रस्ता ओलांडू लागली. पूर्वी सगळे थांबून पेटलचे कान खाजवायचे, आता क्लाइव्हला सकाळचा नमस्कारही लांबून मिळायचा. तो रोज मोजायचा. पाच, आठ, पावसाच्या दिवशी दोन. संध्याकाळी बाईंना आकडा सांगायचा. बाई मान हलवून पुन्हा गिल्बर्टच्या तोंडासमोर पान धरायच्या.

नोव्हेंबरात एका सकाळी मैदानावर धुकं होतं. क्लाइव्हनं साखळी हाताला दोन वेढे देऊन धरली होती. पलीकडच्या टोकाला लाल मफलर गुंडाळलेला एक माणूस दिसला, नवाच होता. त्याच्याबरोबर एक पांढरं, कुरळ्या केसांचं, मुठीएवढं कुत्रं. त्याला पट्टा नव्हता.

"तुमचं कुत्रं धरा," क्लाइव्ह ओरडला. "माझी कुत्री चावते."

माणसानं हसून हात हलवला. "घाबरू नका हो," त्यानं तिकडून सांगितलं. "आमचा काही करत नाही."

पांढरं कुत्रं तोवर निघालं होतं. ते थेट पेटलच्या नाकाखाली आलं, भुंकलं आणि त्यानं तिच्या छातीवर उडी मारली. पेटलनं झेप घेतली. क्लाइव्ह गुडघ्यांवर पडला आणि चिखलातून हातभर फरफटत गेला, पण साखळी सोडली नाही. मुसक्याची जाळी कुत्र्यावर आदळली. एकदा, दोनदा. जाळीच्या आत दात वाजले. पांढरं कुत्रं कोलमडलं, किंचाळलं आणि मालकाच्या पायांत पळालं. कुठेही रक्त आलं नाही. क्लाइव्हनं पेटलच्या मानेला मिठी मारली.

माणूस कुत्र्याला कडेवर घेऊन जवळ आला. "तोंडाला जाळी आहे म्हणजे हिनं आधी कुणाला तरी धरलेलं असणार," तो म्हणाला. "असली जनावरं पाळतात तरी कशाला लोक? आमचा बिचारा फक्त खेळायला आला होता."

"माफ करा," क्लाइव्ह चिखलातून म्हणाला.

माणसानं ती माफी घेतली. आपली असल्यासारखी घेतली आणि निघून गेला. तिकडे टोकाला जाऊन त्यानं कुत्र्याला पुन्हा खाली सोडलं. क्लाइव्ह बराच वेळ तसाच बसून त्याच्या लाल मफलरकडे बघत राहिला.

संध्याकाळी तो बाईंकडे गेला तेव्हा गुडघ्यांवर पट्ट्या होत्या. खोक्यातला दिवा लागला होता. काल ठेवलेलं पान सुकून तसंच पडलं होतं.

"आज किती?" बाईंनी विचारलं.

"सात."

"आणि ऐकलं किती जणांनी?"

क्लाइव्हनं बोटांवर मोजलं. "सहा, बाई."

"सातव्याला काय झालं?"

"त्याचा कुत्रा काही करत नाही, बाई."

बाईंनी सुकलेलं पान उचललं, ताजं पान धुऊन गिल्बर्टसमोर ठेवलं. गिल्बर्टनं डोळे मिटून घेतले.

"उद्या त्याला परत सांग," बाई म्हणाल्या.

"हो, बाई," क्लाइव्ह म्हणाला.